विश्वामित्रीचा काठ कधी खणावा

नागपंचमीला जमीन खणू नये, नांगर धरू नये, विळीवर काही चिरू नये, ही रीत बडोद्यातल्या मराठी घरांत अजून पाळली जाते. आपली पंचमी श्रावण शुद्धातली, गुजराती शेजाऱ्यांची श्रावण वद्यातली. त्यामुळे रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात एकाच गल्लीत पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा नागाला हळदकुंकू वाहिले जाते. पूजेत दूध-लाह्या असतात, आणि सापाला दूध पचत नाही हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्या रीतीतला ‘खणू नये’ हा भाग मला पूजेपेक्षा मोलाचा वाटतो. जमिनीखाली या दिवसांत कोणीतरी राहते आहे, त्याच्या घरावर पहार पडू नये, एवढी नेमकी जाण त्यात आहे. बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या काठाच्या मातीत मगरी अंडी घालतात. त्या काठाला ही जाण एका दिवसापुरती नव्हे, फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत लागू करायला हवी. नेमक्या त्याच महिन्यांत आपण तिथे गाळ काढायला पोकलेन उतरवतो.

विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते, बडोद्याच्या मधून वळणे घेत जाते, पुढे ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात उतरते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात काळा घोडा पुलापाशी पातळी ३५ फुटांच्या वर गेली. २७ ते २९ ऑगस्ट या तीनच दिवसांत वस्त्यांमधून सुमारे दोन डझन मगरी पकडाव्या लागल्या, शिवाय साप आणि कासवे निराळी. त्यानंतर मार्च २०२५ पासून शहरातल्या सुमारे २४ किलोमीटर पात्रातला गाळ काढून ते रुंद करण्याचे काम हाती घेतले गेले. उद्दिष्ट होते पावसाळ्याआधीच्या १०० दिवसांचे. ज्यांच्या घरात छातीइतके पाणी शिरले, ज्यांची दुकाने दोन-दोन दिवस बुडाली, त्यांना या कामाची घाई समजावून सांगावी लागत नाही. त्यांच्यासमोर मगरीची अंडी मांडून ‘काम थांबवा’ म्हणणे मला क्रूरपणाचे वाटते. तेव्हा गाळ काढावा की नाही हा वाद मी घालत नाही. या नदीतला गाळ एकदा काढून संपणार नाही, दर काही वर्षांनी तो पुन्हा काढावा लागेल. म्हणूनच तो कोणत्या महिन्यांत आणि काठाला कसा हात लावून काढायचा, हे आताच ठरवले पाहिजे. दसऱ्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचे दिवस मोजले तर तेही शंभरच्या आसपास भरतात.

शहरातल्या या पात्रात मगरींची संख्या चारशेच्या आसपास आहे. लाखो माणसांच्या शहराच्या मधोमध इतक्या मगरी मोकळ्या राहतात, असे दुसरे उदाहरण जगात सापडणे कठीण. भारतीय मगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण तिला आहे. १९७५ मध्ये देशात मगर संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला तेव्हा कातड्यासाठी झालेल्या शिकारीमुळे ती बहुतेक नद्यांतून दिसेनाशी होत चालली होती. विश्वामित्रीत ती टिकली आणि वाढली, याचे मोठे कारण मातीचे काठ आणि त्यांना लागून असलेल्या घळी आहेत. बडोद्याचे लोक त्यांना गुजरातीतल्या शब्दाने ‘कोतरे’ म्हणतात.

मगरीचे वर्ष थंडीत सुरू होते. नोव्हेंबर ते जानेवारीत जोड्या जमतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी पाण्यापासून जरा उंचावर, पहिल्या लोंढ्यात बुडणार नाही अशी मऊ मातीची जागा शोधते. मागच्या पायांनी फूट-दीड फूट खोल खड्डा काढून त्यात साधारण २५ ते ३० अंडी घालते आणि वर माती लोटून दाबून बसवते. घरट्यावर काटक्यांचा ढीग नसतो, पाल्याची खूण नसते. चार पावलांवरून जाणाऱ्यालाही तिथे काही आहे हे कळत नाही, मग पोकलेनच्या केबिनमधून काय दिसणार? अंडी मातीच्या उबेवर दोन ते अडीच महिने राहतात. मग जुलैपर्यंत पिल्ले अंड्यातूनच आवाज देऊ लागतात. तो ऐकून मादी घरटे उकरते आणि पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेऊन सोडते. वीतभर-दीड वीत लांबीच्या या पिल्लांना दाबलेली माती स्वतः फोडता येत नाही. आई तिथवर पोचली नाही तर अंड्यातून जिवंत निघालेली पिल्लेही मातीखालीच मरतात.

काठावर यंत्र फिरले की अंडी फुटतात हे कोणालाही कळेल. पण जास्त नुकसान न फुटलेल्या अंड्यांचे होते. पंधरा-वीस टनांचे यंत्र वरून गेले की माती घट्ट दाबली जाते. अंड्याच्या कवचातून हवा आत-बाहेर होत असते, ती दाबलेल्या मातीत कोंडते. पात्रातला ओला गाळ काढून काठावरच ढीग लावला तर तेच होते, आणि हे सर्रास होते, कारण गाळ लांब वाहून नेण्याचा खर्च बराच येतो. तिसरी गोष्ट सावलीची. मगरीच्या अंड्यात नर होणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरते. साडेबत्तीस अंशांच्या आसपास नर जास्त होतात, त्याहून दीड-दोन अंश कमी असेल तर माद्या, आणि बरेच वर गेले तर पुन्हा माद्यांचे प्रमाण वाढते. झुडपे साफ करून काठ उघडा केला की मातीचे तापमान इतके सहज बदलते. अंडी शाबूत राहतील, पिल्लेही निघतील, पण नर-मादीचे गणित बिघडलेले असेल आणि ते दहा-बारा वर्षांनी लक्षात येईल.

यावर ‘अंडी उचलून दुसरीकडे उबवू’ हा उपाय सुचवला जातो. अगदी नाइलाज असेल तेव्हा तो करता येतो, पण त्यातही बहुतेक वेळा चूक एकच होते. घातल्यानंतर साधारण एका दिवसात गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. त्यानंतर अंडे उलटे झाले किंवा लोळले की गर्भ सुटतो आणि मरतो. म्हणून प्रत्येक अंड्याची वरची बाजू पेन्सिलीने खूण करून, ती वरच ठेवून, त्याच घरट्यातल्या मातीत बसवून, धक्के न देता न्यावे लागते. पुढे ३० ते ३३ अंशांत आणि भरपूर दमट हवेत सांभाळावे लागते. कंत्राटाच्या घाईत, दुपारच्या उन्हात, बादलीत भरून नेलेली अंडी ही वाचवलेली अंडी नव्हेत.

काठात मगरींची बिळेही असतात. काही मीटर आत गेलेली, तोंड पाण्याच्या पातळीशी असलेली ही बिळे उन्हाळ्यात तिला तापापासून आणि थंडीत गारठ्यापासून वाचवतात. दसरा ते जानेवारी या माझ्या पसंतीच्या महिन्यांतही इथे जपावे लागते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी मगर गारठलेली असते, अंग जड असते, पटकन हलता येत नाही. दहा-साडेदहानंतर ऊन चढले की ती बाहेर येऊन पहुडते. म्हणून थंडीत सकाळी दहाच्या आत यंत्र काठाला लावू नये. बिळाची तोंडे आधी पाण्यातून होडीने फिरून नोंदवावीत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचा निदान दहा-दहा मीटर काठ सोडून द्यावा. मगरींची मोजणीही याच ऊन खाण्याच्या वेळी सर्वांत नीट होते. मादी पुष्कळदा दरवर्षी त्याच जागी घरटे करायला परतते, म्हणून एका उन्हाळ्यात नोंदवलेली घरट्यांची ठिकाणे पुढच्या कित्येक वर्षांच्या नकाशावर कामाबाहेर ठेवता येतात.

मग सगळे उन्हाळ्यातच का होते? पाणी कमी असते हे खरे कारण आहे, पण अर्धेच. नदीत सांडपाणी बारमाही वाहते, त्यामुळे पात्र उन्हाळ्यातही पूर्ण कोरडे नसते, आणि दिवाळीनंतर पाणी काम करण्याइतके उतरलेले असते. उरलेले अर्धे कारण कागदावरचे आहे. पूर ऑगस्ट-सप्टेंबरात येतो, मग पाहणी, आराखडा, मंजुरी, अंदाजपत्रक, निविदा आणि कार्यादेश अशा पायऱ्या चढताना फेब्रुवारी उजाडतो. आर्थिक वर्ष संपायच्या आत खर्च दाखवायचा असतो आणि समोर जूनचा पाऊस दिसत असतो. मगरीचा विणीचा काळ आणि सरकारी वर्षाचा ‘मार्च एंड’ एकमेकांवर येतात ते असे. यात कोणाचा दुष्टपणा नाही. पण हे वेळापत्रक माणसाने केलेले आहे, म्हणून बदलता येणारेही तेच आहे.

ते बदलायला निविदेची तयारी पावसाळ्यात व्हायला हवी. जूनमध्ये आराखडा, ऑगस्टपर्यंत निविदा, सप्टेंबरात कार्यादेश आणि दसऱ्याच्या सुमारास पहिले यंत्र. काठावरचे आणि उतारावरचे काम जानेवारी संपताच पूर्ण बंद. त्यानंतर काही उरलेच तर फक्त पात्राच्या मध्यातले, तेही पाण्यातून किंवा आधीच ठरवून ठेवलेल्या एखाद-दुसऱ्या उताराने खाली जाऊन, आणि गाळ काठावर न ठेवता थेट डंपरमध्ये. एका वर्षी एकाच तीराला हात लावावा. पाचशे-पाचशे मीटरचे टप्पे आलटून-पालटून घ्यावेत आणि समोरचा तीर दोन वर्षे तसाच ठेवावा, म्हणजे हुसकलेल्या जिवाला समोर जागा असते.

एक अडचण इथेच सांगितली पाहिजे. दसरा ते जानेवारी हा काळ मगरीला सोयीचा असला तरी सगळ्यांनाच नाही. आपल्या तळ्या-नद्यांतले पोटाच्या बाजूला झडपा असलेले मऊ पाठीचे कासव ऑगस्टपासून थंडीपर्यंत अंडी घालते, आणि त्याची अंडी वाढ मध्येच थांबवून कित्येक महिने मातीत पडून राहू शकतात. म्हणजे काठाच्या मातीत कोणाचीच अंडी नाहीत असा एकही महिना वर्षात नाही. ज्याला नदीचे काम निर्दोष करायचे आहे त्याला ही गोष्ट अडचणीची वाटेल. मी तिच्यातून एवढेच काढतो की फक्त महिना बदलून भागणार नाही, काठाचा काही भाग दर वर्षी अजिबात न खणता सोडावाच लागेल. आलटून-पालटून तीर घेण्याचा आग्रह त्यासाठीच.

बेडकांचा हिशेब वेगळा. सोनबेडूक, मातीत स्वतःला पुरून घेणारे लहान बेडूक, फुगऱ्या अंगाचे फुग्या बेडूक हे सगळे कोरडे महिने जमिनीखाली काढतात. उन्हाळ्यात काठ खणला की झोपलेले बेडूकही ढिगाऱ्याबरोबर जातात. पहिला दमदार पाऊस झाला की ते बाहेर येतात, सोनबेडकाचे नर पिवळेधमक होतात, आणि अंडी घालायला या सगळ्यांना नदी नको असते, कारण नदीत मासे असतात. त्यांना साचलेले उथळ पाणी लागते. भुखी कांस, रूपारेल कांस या शहरातल्या पावसाळी नाल्यांच्या कडेची खोलगट जागा, मैदानावरचे डबके, सोसायटीमागचा खड्डा, असे कुठलेही. अंड्यातून बेडूक होईपर्यंत जातीनुसार तीन ते सहा आठवडे जातात. ते डबके तेवढे टिकले तर बेडकांची ती पिढी निघते, दहाव्या दिवशी भराव पडला तर सगळे बेडूकमासे तिथेच वाळतात. डासांच्या भीतीने डबके बुजवणारा माणूस समजण्यासारखा आहे. पण सोनबेडकाचे बेडूकमासे मांसाहारी असतात, डासांच्या अळ्या खातात. डासांसाठी त्या डबक्यात गप्पी मासे सोडले की ते अळ्यांबरोबर बेडकांची अंडी-पिल्लेही फस्त करतात. हे मासे बंद टाक्यांत आणि कारंज्यांत ठीक, पावसाळी डबक्यांत नको.

भारतातून एकेकाळी बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवल्या जात. १९८१ मध्ये ही निर्यात चार हजार टनांवर गेली होती. शेतात किडी वाढल्या, कीटकनाशकांचा खर्च वाढला ही चर्चा सुरू झाली आणि १९८७ मध्ये सरकारने निर्यातीवर बंदी घातली. ती बंदी वन्यजीवप्रेमातून जितकी आली तितकीच शेतीच्या हिशेबातून आली, आणि मला तो हिशेब पटतो. बेडूक किती किडी खातो हे शेतकऱ्याला बेडूक नसताना कळते. त्याची कातडी ओली असते आणि तिच्यातून तो श्वासही घेतो आणि पाणीही शोषतो, म्हणून फवारणीचे किंवा सांडपाण्याचे विष सर्वांत आधी त्याला लागते.

इथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. ‘इतक्या मगरी आहेत म्हणजे नदी बरी आहे’ असे म्हणणारे भेटतात. मगर फुप्फुसाने हवेतला प्राणवायू घेते. पाण्यातला प्राणवायू संपला, मासे तरंगायला लागले, तरी मगर जगते, काही काळ तर मेलेल्या माशांवर आणि पाण्यात टाकलेल्या जनावरांवर पुष्टही होते. तिच्या संख्येवरून काठाची स्थिती कळते, पाण्याची नाही. पाणी कसे आहे हे बेडकांच्या आणि माशांच्या जाती मोजूनच कळेल. मगरींची गणना होते, तशी पावसाळ्यात रात्री आवाजावरून बेडकांची गणना झाली तर या नदीबद्दल आपल्याला दुप्पट कळेल, आणि तिला ना पिंजरा लागतो ना मोठा निधी.

मगरीचे काम काय, असाही प्रश्न सरळ विचारला जातो. ती आजारी आणि मेलेले मासे खाते, वाहून आलेली जनावरे संपवते, मोकाट कुत्रीही खाते. तिची अंडी आणि पिल्ले घोरपडी, मुंगसे, बगळे, मोठे मासे यांचे अन्न आहेत. शेकडा काही थोडीच मोठी होतात, म्हणून २५ अंड्यांना घाबरून जायचे कारण नाही. पण तिचा सर्वांत मोठा उपयोग मला वेगळाच दिसतो. ती आहे म्हणून तो काठ आजवर पूर्ण भरावाखाली गेला नाही. पात्रात आणि कोतरांत भराव टाकू नये, अतिक्रमण काढावे, नदीची हद्द आखावी असे राष्ट्रीय हरित लवादाने मे २०२१ मध्ये सांगितले, त्या लढ्यात मगरींच्या आणि कासवांच्या अधिवासाचा मुद्दा मोठा होता. आणि कोतर ही पुराच्या दृष्टीनेही पाण्याची जागा आहे. पूर चढताना पाणी त्यांत शिरते, थांबते, सावकाश परत येते. ती बुजवली की तेवढे पाणी वडसर-कलालीच्या घरांत जाते. मगरीचे घर आणि माणसाचे घर इथे एकाच मातीने वाचते.

काठ पक्का बांधण्याचा मोह म्हणूनच आवरावा. उभी काँक्रीटची भिंत किंवा सिमेंटने सांधलेले दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर दगडांचे अस्तर, केले की कासवाला अंडी घालायला वर येता येत नाही, मगरीला बीळ करता येत नाही, आणि पाण्यात पडलेला साप, मुंगूस, वासरू कोणीच बाहेर निघू शकत नाही. पाण्याचा वेगही वाढतो आणि भिंत जिथे संपते तिथला मातीचा काठ कातरला जातो. याऐवजी एकास तीन उताराचा, म्हणजे एक फूट उंचीला तीन फूट आडवा, मातीचा काठ ठेवावा. जिथे वळणावर धार लागते तिथे फक्त पायथ्याला सुटे दगड रचावेत, सिमेंट न घालता. वर वाळा आणि हरळी लावावी, जरा उंचावर करंज, जांभूळ, उंबर. वाळ्याची मुळे खोल जातात आणि माती धरतात. पण लावणी पावसाच्या सुरुवातीलाच झाली पाहिजे, नाहीतर पहिल्या वर्षी ती तग धरत नाही. उघडा ठेवलेला काठ पहिल्याच मोठ्या पावसात घसरतो आणि काढलेला गाळ पुन्हा पात्रात येतो. गाळ काढण्याचे पैसे असे दोनदा जातात.

काठ उसवला की साप सोसायट्यांत येतात. उंदरांच्या बिळांतून धामण, पाण्याकडेची दिवड, आणि त्यांच्याबरोबर नाग आणि घोणसही. गुजरातीत घोणशीला खडचितळो म्हणतात, मण्यारीला काळोतरो, आणि बडोद्यातल्या मराठी माणसाला दोन्ही नावे माहीत असलेली बरी, कारण दवाखान्यात दोन्ही कानावर पडतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८,००० माणसे गेली असा अंदाज आहे. हे मृत्यू कमी करायचे तर साप मारून होणार नाहीत. धामण मारली की उंदीर वाढतात, उंदरांमागे नाग येतो, आणि दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात उसळणारा लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्याच मुतातून पसरतो. पलंगावर मच्छरदाणी लावून झोपणे, रात्री विजेरी घेऊन चालणे, घरामागचा विटांचा आणि लाकडांचा ढीग हलवणे, याने दंश टळतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश दुखतही नाही, म्हणून मच्छरदाणीचा फायदा सर्वांत जास्त तिच्याविरुद्ध. चावलाच तर आवळून दोरी बांधू नये, चिरा देऊ नये. हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवून सरळ प्रतिविष असलेल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जावे. साप पकडून नेण्याची गरज नाही. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्रच चालते.

मगर पकडणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल बडोद्याला अभिमान आहे आणि तो योग्य आहे. पुरात रात्री-अपरात्री गुडघाभर पाण्यात उतरणारी ही मुले नसती तर किती मगरी लाठ्यांनी मेल्या असत्या. पण पकडणे हे संवर्धन नव्हे, आणि चुकीचे पकडणे मृत्यू असतो. फार वेळ झुंजलेल्या मगरीच्या रक्तात आम्ल साचते. ती सोडल्यावर ठीक दिसते आणि काही तासांनी मरते. म्हणून गर्दी आधी हटवावी, डोळ्यांवर ओले गोणपाट टाकावे. अंधार झाला की ती शांत होते. मग जबडा चिकटपट्टीने बांधावा, नाकपुड्या मोकळ्या ठेवून. जबडा मिटण्याची ताकद भयंकर असली तरी उघडण्याची फार थोडी असते, त्यामुळे पट्टी पुरते, नायलॉनच्या दोरीने कातडी कापू नये. लांबी, जागा आणि वेळ लिहून ठेवावी आणि ओळखीची खूण करून सोडावे, नाहीतर तीच मगर पाच वेळा पकडली की पाच मगरी मोजल्या जातात.

सोडायचे कुठे, हे महत्त्वाचे. ‘सगळ्या आजवा सरोवरात नेऊन टाका’ ही मागणी दर पुरानंतर होते. महाराज सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या त्या सरोवरात आधीच मगरी आहेत, आणि मोठा नर आपली हद्द राखतो. नव्याने आलेल्या मगरीला तिथे मार बसतो, किंवा ती पुन्हा निघते. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्याच्या मगरींना लांब नेऊन सोडून उपग्रहाने मागोवा घेतला, तेव्हा त्यांतली एक किनाऱ्याने चारशे किलोमीटरहून जास्त पोहत आपल्या जागी परतली. ही अभ्यासातली नोंद २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या मगरीची जात वेगळी आहे, पण घर ओळखण्याची ओढ मगरींमध्ये आहे एवढे त्यातून कळते. पकडलेली मगर पूर ओसरल्यावर त्याच नदीत, शक्य तितक्या जवळ सोडावी. मोठा नर उचलून नेला तर त्याच्या जागेसाठी चार मध्यम नर भांडतात आणि हरलेले वस्तीकडे सरकतात.

माणसांवर हल्ले होतात, माणसे मरतात, हे नाकारून संवर्धनाचा युक्तिवाद करणे अप्रामाणिकपणा आहे. ज्याला पाण्यात उतरावेच लागते, कपडे धुवावे लागतात, म्हैस पाजावी लागते, मासे धरावे लागतात, त्याच्यावर सहसा हल्ला होतो. शहरातल्या पुलावरून मगर पाहणाऱ्याला धोका नाही, ढाढरकाठच्या बाईला आहे. श्रीलंकेत नदीच्या घाटावर पाण्यात खांब रोवून मगर आत शिरणार नाही असे कुंपण करतात. तसे लोखंडी जाळीचे घाट वापरातल्या प्रत्येक पाणवठ्यावर करता येतात: जाळी तळापर्यंत गेलेली, पावसाळी पातळीच्या वर दोन-तीन फूट उरणारी, आणि दर पुरानंतर खालची माती वाहून गेली का हे तपासलेली, कारण खालून जागा झाली की आतल्या माणसाला खोटा भरवसा मिळतो. घरोघरी नळ आणि शौचालय हाही मगर-संवर्धनाचाच खर्च समजावा. आणंद जिल्ह्यात मलातजसारख्या गावांत तळ्यात मगरी आणि काठावर माणसे पिढ्यानुपिढ्या राहतात. तिथे मगर खोडियार मातेचे वाहन आहे ही श्रद्धा आहेच, पण त्या लोकांना मगर कधी कुठे असते हेही पक्के माहीत असते.

आता उरते ते कागदाचे काम, आणि त्याला फार मोठा निधी लागत नाही. पुढच्या कामाच्या निविदेत चार अटी लिहाव्यात: १ फेब्रुवारी ते ३१ जुलै काठाला यंत्र लागणार नाही, घरटी आणि बिळे दाखवणारा नकाशा कार्यादेशाला जोडलेला असेल, गाळ काठावर साठवला तर त्या घनमीटरचे पैसे मिळणार नाहीत, आणि एका वर्षात एकच तीर. त्यातली तिसरी अट सर्वांत आधी लिहावी, कारण बिल अडकण्याच्या भीतीने ती लगेच पाळली जाईल. चौथीवर सर्वांत जास्त तक्रार होईल. टप्पे पाडले की यंत्र दोनदा आणावे लागते आणि खर्च वाढतो. तो किती वाढतो हे अंदाजपत्रकात उघड मांडावे आणि शहराने तो द्यावा. आराखडा जूनमध्ये टेबलावर यायचा असेल, तर घरट्यांची पाहणी त्याच वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये झालेली हवी.